पत्रकांवर जन्मलेली पिल्लं

चार दिवसांपूर्वी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले, तर मागच्या शेताकडून धूर येत होता. ओल्या पाल्याचा, कडवट, सरळ नाकात चढणारा. भांबुर्डा! कुणीतरी यंदाची पहिली पोपटी लावली होती. आमच्या पनवेलच्या आसपास थंडी पडल्याची बातमी हा पाला देतो. वालाच्या शेंगा भरल्या की मातीच्या मडक्यात शेंगा, अंडी, ओवा, खडेमीठ भरायचं, तोंडाशी भांबुर्डा कोंबायचा, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा पेटवून द्यायचा. पाणी नाही, तेल नाही. शेंगा स्वतःच्याच वाफेत शिजतात.

त्या वासाने इतरांना भूक लागते. मला गेल्या वर्षापासून हेवा वाटायला लागतो.

हे असं सरळ लिहायला मला जड जातंय. ज्या घरात मी वाढले तिथे रागाला मान होता. बाबांची भातशेती आणि मिठागर, दोन्ही माझ्या जन्माआधीच भूसंपादनात गेली. त्यांच्याकडे उरलं ते बोलणं, आणि ते त्यांनी छापायला सुरुवात केली. इतर मुलांचा ‘ज’ जहाजाचा असतो, माझा ‘जाहीर निषेधा’चा होता. गुलाबी, पिवळ्या, पोपटी पातळ कागदावरची ती पत्रकं घड्या घालून घालून माझी बोटं लहानपणी कायम रंगलेली असायची. आईला माझ्या वेळच्या कळा सुरू झाल्या तेव्हाही ती पत्रकांच्या घड्याच घालत होती, असं ती सांगते. रागावर आमच्याकडे पत्रक होतं, अन्यायावर होतं, पाण्यावर, रस्त्यावर, हुंड्यावर होतं. हेव्यावर नव्हतं. हेवा हा मालकीच्या पोटी जन्मतो, असं बाबा एका वाक्यात उडवून लावायचे. मालकी सोडा, हेवा आपोआप सुटेल.

म्हणून मी घोषणाला कधी पट्टा घातला नाही.

घोषणा म्हणजे तांबूस रंगाची, एक कान मोडलेली गावठी कुत्री. पळस्पे फाट्याच्या अलीकडे, हायवेकडे पाठ करून आमचं घर आहे. समोरच्या मोकळ्या जागेत एकदा सभा होती. बाबांनी माइकवरून घोषणा दिली की गर्दीच्या आधी हीच मान वर करून ओ द्यायची. सभा संपली, लोक गेले, ही आमच्या फाटकाशी राहिली. नाव मी ठेवलं. भाकरी मी घातली. गोचिड्या मी काढल्या. तिच्या पायात काच घुसली तेव्हा तिला मांडीवर घेऊन रिक्षातून डॉक्टरांकडे नेलं ते मी. पण “कुत्री तुझी का?” असं कुणी विचारलं की मी ताठ मानेने सांगायचे, “ती कुणाचीच नाही. ती स्वतंत्र आहे.” रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालण्याच्या हक्काबद्दल मी एक पत्रकही काढलं होतं आणि गल्लीतल्या प्रत्येक दारात स्वतः टाकलं होतं. त्यातला शेवटचा परिच्छेद मला अजून पाठ आहे. सांगत नाही.

आणि मग आमच्या घरात रेश्मावहिनी आली.

वहिनी समुद्रकाठच्या करंजा गावची. तिच्या वडिलांची होडी आहे, ती स्वतः बंदराजवळच्या गोदामाच्या ऑफिसात कामाला जाते. दादा त्याच बंदरात क्रेन चालवतो. लग्न त्यांनी आपापसात ठरवलं, हुंडा-मानपान काही नाही, बाबांनी मांडवात छोटंसं भाषणही केलं. माझा विरोध असण्याचं काही कारणच नव्हतं. पण आई तिला पहिल्या दिवसापासून “रेश्माबाय” म्हणायला लागली. मला चोवीस वर्षं आई “ए” म्हणते. वहिनी माझ्याहून एक वर्षाने मोठी, तरी रीत म्हणून ती मला “ताई” म्हणायची, आणि ते “ताई” ऐकलं की मला पाहुण्यांच्या खुर्चीत बसवल्यासारखं वाटायचं.

तिला कुत्र्यांची भयंकर भीती. तिकडे किनाऱ्यावर बोंबील वाळत घालतात, आणि त्यांच्यावर टपलेले कावळे नि कुत्रे हाकलायचं काम घरातल्या पोरांकडे असतं. वहिनी काठी घेऊन त्या ओळींच्या मधून फिरतच मोठी झालेली. एकदा एका कुत्र्याने काठीला न जुमानता तिची पोटरी धरली. तेव्हापासून घोषणा फाटकाशी असली की वहिनी रस्त्यावरूनच ओरडायची, “ताई, हिला घ्या ना जरा!” मी “घेतलं” की ती भिंतीला घासून आत यायची. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. घरात निदान एक गोष्ट होती जी मलाच जमत होती.

गेल्या मार्गशीर्षात घोषणाचं पोट जमिनीला टेकायला आलं. ती गॅरेजच्या मागे, पाण्याच्या टाकीखाली, कुठे कुठे माती उकरून बघायला लागली. मी तिच्यासाठी जिन्याखालची जागा मोकळी केली. तिथे बाबांचे गठ्ठे होते. एक मोर्चा पुढे ढकलला गेला, पत्रकांवरची तारीख फुकट गेली, आणि गुलाबी कागदाचे ते गठ्ठे सुतळीसकट तिथेच पडून राहिले. रद्दीत द्यायला बाबांचा जीव होत नव्हता. मी ते सोडले, पत्रकं चुरगाळून चुरगाळून मऊ केली आणि जाड थर पसरला.

“बाबा, बघा,” मी म्हटलं. “या घरातलं प्रत्येक लेकरू पत्रकावरच जन्माला येतं.”

बाबांना ते इतकं पटलं की त्यांनी दोन गठ्ठे अजून दिले.

एका रविवारी सकाळी मी पेज घेऊन गेले तर घोषणाच्या पोटाशी काहीतरी वळवळत होतं. पाच पिल्लं. ओली, आंधळी, उंदरांपेक्षा जराच मोठी. ओल्या स्लिपरांसारखा चिक-चिक आवाज. कच्च्या दुधाचा आणि लोखंडाचा मिळून एक वास. मी श्वास धरून गुडघ्यांवर बसले. दोन पिल्लं तिच्यासारखी तांबूस, तीन जवळजवळ पांढरी, आणि ती पांढरी अंगभर छान गुलाबी. मला वाटलं, नवजात जीव गुलाबी असतातच. माणसाचं बाळ नसतं का? मी हात पुढे केला. घोषणाच्या घशात कुठेतरी खोल, जातं फिरावं तसा आवाज झाला.

ती माझ्यावर गुरगुरली होती.

मी हात मागे घेतला, पेज ठेवली आणि स्वतःची समजूत घातली. बाळंतीण आहे, दमली आहे. दूध आणायला नाक्यावर गेले. परत आले तेव्हा जिन्याखाली घोषणा नव्हती, पिल्लं नव्हती, फक्त ओला गुलाबी लगदा होता. आणि वरच्या खोलीतून वहिनीची किंकाळी आली.

“ताई! ताई, रगत! सगली पोरं रगतान् भरलीत!”

मी जिना चढून गेले. सुट्टी म्हणून उशिरापर्यंत पडलेली वहिनी आता खाटेवर उभी होती, साडी गुडघ्यापर्यंत वर धरून, पाठ भिंतीला. खाटेखाली तिच्या जुन्या सुती ओढण्यांची थप्पी होती, त्यात घोषणा ऐसपैस पसरली होती. एकेक पिल्लू तोंडात धरून तिने जिना चढवून आणलं होतं. पाचवं अजून तिच्या तोंडात होतं. आणि पांढरी तिन्ही पिल्लं राणी रंगाची झाली होती. घोषणाची जीभ राणी रंगाची, मिशा राणी रंगाच्या. लादीवर गुलाबी पावलं दारापासून खाटेपर्यंत उमटली होती.

रक्त नव्हतं ते. तो पत्रकांचा रंग होता. स्वस्त कागद, पाणी लागलं की रंग सोडतो. उन्हाळ्यातल्या सभांमध्ये पत्रकं धरून घामाने लोकांचे हात रंगतात हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण जन्माला येणारं पिल्लू ओलं असतं हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आई मागून आली, वाकून बघितलं आणि दाराची चौकट धरून हसत सुटली. “अगो बाय! मोर्चा झाला नाय तो नाय, गुलाल मातर उधळला!”

“आई, हसू नका ना,” वहिनी रडकुंडीला आलेली. “हिला आधी भायेर काढा. ताई, घ्या ना हिला.”

मी घ्यायला वाकले. पुन्हा ते जातं फिरलं, आणि या वेळी दातही दिसले. मी थांबले. वहिनी खाटेवरून उतरू शकत नव्हती आणि मी खाटेजवळ जाऊ शकत नव्हते. मी प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, कागद लगेच दूर करा, कोमट पाण्यात फडकं पिळून पिल्लांना हलकेच पुसा, आंघोळ घालू नका, ऊब द्या.

“पण ती मला हात लावू देत नाही.”

“मग जिला लावू देते तिला सांगा,” डॉक्टर म्हणाले. त्यांना काय माहीत, ते काय बोलले.

वहिनीने एक पाय खाली सोडला. मग दुसरा. आईने पिळून दिलेलं फडकं तिने पुढे केलं आणि डोळे मिटून घेतले. “मी काय तुझ्या पोरांना खानार नाय गो,” ती रडत रडत कुजबुजत होती. “बोंबील तुमीच चोरलात आमचे, मी काय केलं तुमचं?” घोषणाने तिचा हात हुंगला. आणि शेपटी हलवली. एकदाच, लादीवर थाप मारल्यासारखी. ती थाप मी अजून ऐकते.

वहिनी पिल्लं पुसत राहिली, मी दारातून सूचना देत राहिले. मान धर, उलटं करू नकोस, फडकं बदल. सूचना देण्यात आमच्या घराण्याचा हात कुणी धरणार नाही.

त्यानंतरचे ते थंडीचे आठवडे मी दारात काढले. खोलीचा उंबरा ही माझी हद्द. आत गेले की जातं फिरायचं. उंबऱ्याशी बसून मला खाटेखालच्या अंधारात पिल्लांचा ढीग दिसायचा, झोपेत एकदम थरथरणारा, एकाचा पाय दुसऱ्याच्या तोंडावर. आंबूस, उबदार वास यायचा. दूध पिताना पुढचे पाय पोटावर दाबायची ती लय दिसायची. वहिनी ऑफिसातून आली की चप्पल काढायच्या आधी खाली वाकायची. आधी भीत भीत, मग नुसतीच, मग लाडाने. मी संशोधन करून नाचणीची पेज, उकडलेलं अंडं, भोपळा असा तक्ता केला होता. वहिनी माहेरून सुकट आणायची, धुऊन भातात कालवायची आणि घोषणा ताट चाटून पुसून ठेवायची.

“ही लाच आहे,” मी म्हटलं. “मतदारांना पाकिटं वाटतात ना, तसं.”

“तर मग तुमी पन वाटा की, ताई,” वहिनी सहज म्हणाली.

मी वाटली. अभिमान गुंडाळून ठेवला आणि बाजारातून चांगली सुकट आणली, तितकीच धुतली, तसाच भात कालवला. घोषणा उंबऱ्यापर्यंत आली, ताट साफ केलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि परत खाटेखाली गेली.

मी आईला विचारलं, माझं काय चुकतंय. आई वाल सोलत होती. “तू तिच्याशी बोलतस कुटं,” ती म्हणाली. “तू तिला सांगतस. माझ्यासंगं तरी दुसरं काय करतस?” शेंगेतून दाणा उडून माझ्या मांडीवर पडला. तो मी खाल्ला. कच्चा वाल कडू लागतो.

त्या हंगामात मी प्रत्येक पोपटीला गेले. सगळ्या मंडळींकडून बोलावणी असायची आणि मला घरात बसवत नव्हतं. अंधार पडताना शेताच्या बांधावर आग, पोरांची चेष्टामस्करी, कुणीतरी मडक्यावर पाणी शिंपडून झालंय का बघायचं, मग काठीने मडकं ओढून शेंगा गोणपाटावर ओतायच्या. बोटं भाजत, मीठ चाटत खायचं. सगळे हसायचे आणि मी मनात हिशेब मांडायचे. मी हिला पाजलं, मी हिला जगवलं, मी हिला बांधलं नाही. बांधलं नाही याचंसुद्धा मी बिल लावत होते! घरी यायचे तेव्हा अंगाला भांबुर्ड्याचा धूर असायचा, आणि घोषणा उंबऱ्यापासूनच नाक फेंदारायची. बाबा म्हणाले, धुरामुळे असेल. मी केस धुतले. धुरामुळे नव्हतं.

पिल्लांनी डोळे उघडले ते मी पाहिलंच नाही. वहिनीने मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत बघितलं. काळपट निळी, पाण्यासारखी डोळ्यांची चीर, आणि त्या पिल्लाने जगात पहिल्यांदा जे पाहिलं असेल ते वहिनीचं नाक.

संक्रांतीला आईचं हळदीकुंकू असतं. बाबांचा विरोध आणि माझी अट, असं दोन्ही सांभाळून ती ते करते. अट अशी की विधवा बायकांनाही बोलवायचं आणि सगळ्यांना सारखंच वाण द्यायचं. त्या दिवशी शेजारच्या सुमनकाकूंनी तिळगूळ तोंडात टाकता टाकता वहिनीकडे बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “रेश्मा, कुत्री तुझ्याच खाटंखाली व्याली म्हंजे शकुन हाय गो. आता तुझा नंबर!”

बायका हसल्या. वहिनीच्या हातातलं हलव्याचं ताट थांबलं. ती कसंनुसं हसली. आईसुद्धा, माझी मोर्चातली आई, कौतुकाने तिच्याकडे बघत होती.

मी भडकले. “काकू, वहिनीची खाट म्हणजे काय सरकारी दवाखान्यातला बाळंतपणाचा वॉर्ड आहे? एक झाली की पुढची? मूल कधी, आणि मुळात हवं का, हे ती ठरवेल. कुत्रीला विचारून नाही आणि तुम्हाला विचारूनही नाही.”

“अगो, मस्करी केली,” काकू म्हणाल्या. “हिला बाय कुनी पेटवली?”

आईचे डोळे मोठे झाले. मी स्वयंपाकघरात निघून आले. माझ्या मागोमाग वहिनी आली, दार लोटलं आणि माझा हात धरला. “बरं बोललात, ताई. मना आता नकोय. ऑफिसात बढतीची परीक्षा हाय. यांना सांगितलंय मी, पन आईंना कसं सांगायचं कलत नव्हतं.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं असतं, पण तेवढ्यात ती म्हणाली, “चला, पिल्लं बघायला चला.”

मला ओढतच ती वर घेऊन गेली. मी उंबरा ओलांडला. जातं फिरलं. वहिनी खाली बसली, घोषणाच्या मोडक्या कानामागे हात घातला आणि म्हणाली, “गप गो. ती आपलीच हाय.”

घोषणा गप्प झाली.

माझ्या जन्माच्या घरात, मी नाव ठेवलेल्या कुत्रीला, माझी ओळख करून देण्यात आली होती. मी एक पिल्लू उचललं. ते कोमट होतं आणि इतकं हलकं, की तळव्यात त्याचं हृदय तेवढं कळत होतं. इतके दिवस ज्यासाठी तळमळले ते हातात होतं, आणि माझ्या मनात एवढंच चाललं होतं की हे मला तिने दिलं. बाईच्या हक्कासाठी भर बैठकीत उभं राहायला मला क्षण लागला नव्हता. त्याच बाईच्या शेजारी खाली बसून, तिच्या हातातली कुत्री बघत राहायला मात्र अंगातली सगळी ताकद लागली.

पुढे पिल्लं चालायला लागली आणि खाटेखालची सत्ता संपली. ती जिन्यावरून गडगडत खाली यायची, बाबांच्या चपला न्यायची, माझ्या ओढणीला लोंबकळायची. त्यांना माझं वावडं नव्हतं. घोषणा वरच्या पायरीवर बसून बघायची. आता गुरगुरत नव्हती. शेपटीही हलवत नव्हती.

त्यांना घरं शोधायची वेळ आली तेव्हा मी माझ्या पद्धतीने पत्रक लिहिलं. मथळा होता : “पिल्लू मागू नका, जबाबदारी मागा!” पानभर मजकूर, पाळणाऱ्यासाठी अटी, विकतच्या जातिवंत कुत्र्यांच्या बाजाराचा निषेध. या वेळी पांढऱ्या कागदावर छापलं. दुकानांतून, सोसायट्यांतून वाटलं. एक माणूस आला. त्याला पत्रकाच्या मागच्या कोऱ्या जागेबद्दल विचारायचं होतं, जाहिरात द्यायची होती.

वहिनीने पिल्लं वाडग्यात तोंड घालून एकमेकांवर पडतायत असा छोटासा व्हिडिओ केला, त्यावर गाणं लावलं आणि स्टेटसला टाकला. संध्याकाळपर्यंत तिचा फोन थांबेना. बेलपाड्याहून एक कुटुंब आलं, एक रिक्षावाले काका आले, एक निवृत्त शिक्षिका आल्या. मी फाटकाशी उभी राहून त्यांना माझ्या अटी तोंडी सांगितल्या. त्या सगळ्यांना मान्य होत्या. पण ते आले होते गाण्यामुळे! मला गाण्याचा हेवा वाटला, सांगते.

चार पिल्लं गेली, त्यातली दोन बेलपाड्याला. पाचव्याच्या पांढऱ्या पोटावर गुलाबी डाग राहिला होता, जाता जात नव्हता. कातडीचा रोग असेल म्हणून त्याला कुणी घेतलं नाही. त्याचं नाव आम्ही हात वर करून ठरवलं : गुलाल.

आणि मग दादा-वहिनीला बंदराजवळ भाड्याने फ्लॅट मिळाला. रोजचा प्रवास वाचणार होता. सामान बांधताना वहिनी हळूच म्हणाली, “घोषणाला नेऊ का?”

आमच्याकडे असे प्रश्न बैठकीत सुटतात. बाबा खुर्चीत, आई वाटाणे घेऊन जमिनीवर, दादा दाराशी. दादा म्हणाला, न्यावं. आई म्हणाली, “मी कुनाच्यात नाय.” बाबा तटस्थ. सगळे माझ्याकडे बघायला लागले. वहिनी नखं कुरतडत होती.

मी उभी राहिले आणि म्हणाले, “ती वस्तू नाही. हात वर करून तिचा निकाल आपण लावायचा नाही. जिचा प्रश्न आहे तिलाच विचारा. टेम्पोचं दार उघडं ठेवा. कुणी हाक मारायची नाही, खायला दाखवायचं नाही. ती ठरवेल.”

बाबांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, पोरगी तयार झाली. त्यांना हे माहीत नव्हतं की मी पुस्तकात वाचलं होतं, गावठी कुत्रं आपली हद्द सोडत नाही. मला माझ्या तत्त्वाइतकीच त्या पुस्तकाचीही खात्री होती.

टेम्पो आला. कपाट चढलं, खाट चढली, गॅसची शेगडी, ओढण्यांचं बोचकं. घोषणा फाटकाशी बसून बघत होती. वहिनी ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली आणि तिने शब्द पाळला. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. मी फाटकाला टेकून उभी होते. माझी बोटं गजांवर पांढरी पडली होती, पण मीही हाक मारली नाही. ड्रायव्हरने विचारलं, “लावू का फळी?” आणि घोषणा उठली. माझ्याजवळ आली, माझ्या पायाचा वास घेतला, नेहमीसारखा, आल्यागेल्याचा घेते तसा. मग वळली आणि एका उडीत खाटेवर जाऊन बसली.

मी तिला मोकळं ठेवलं होतं. ती मोकळी गेली. यात चूक कुणाचीच काढता येत नव्हती, आणि ज्यात चूक काढता येत नाही ते कसं सोसायचं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी आत जाऊन जिन्याखाली उरलेला गुलाबी लगदा खरवडून काढला. गुलाल मदतीला आला आणि लगदा खाऊ लागला.

गुलाल आता चांगला थोराड झालाय. पोटावरचा डाग गेला. तो माझ्या हातचं खातो, माझ्याबरोबर फिरतो, आणि झोपायला आईच्या पायाशी जातो. आई त्याला “बाळा” म्हणते.

काल आमची पोपटी लागली. मागच्या शेतात, दरवर्षीच्या जागी. दादा-वहिनी दुपारीच येणार होते, पण पोचेपर्यंत त्यांना अंधार झाला. वहिनी परीक्षा पास झाली आहे, अंगाने जरा भरली आहे, छान दिसते. तिने माझ्यासाठी करंजाहून सुकट आणली होती. घोषणाच्या गळ्यात लाल पट्टा होता, त्याला छोटा घुंगरू. मी शेंगांच्या मडक्यावर पाणी शिंपडत होते, अंगभर भांबुर्डा.

गाडीचं दार उघडलं आणि घुंगरू वाजला. मी वळायच्या आत काहीतरी तांबडं माझ्या छातीवर आदळलं आणि मी पेंढ्यात बसलेच. घोषणा माझा चेहरा चाटत होती, कान, केस, धुराने माखलेले हात. तोंडातून लहान पिल्लासारखा चिक-चिक आवाज काढत होती. पूर्ण अंग हलत होतं, शेपटीपासून मानेपर्यंत. असं तिने काच घुसलेला पाय बरा झाला तेव्हा केलं होतं.

“घोषी! ये, इकडे ये,” वहिनीने हाक मारली. घोषणाने मान वळवली नाही.

“ये ना गो,” वहिनी पुन्हा म्हणाली, आता जरा हसत.

मी घोषणाच्या मोडक्या कानावरून वहिनीकडे बघितलं. आगीच्या उजेडात तिचा चेहरा स्पष्ट दिसत होता. ओठ हसत होते. डोळे हिशेब मांडत होते : सुकट मी घालते, औषधं मी देते, ऑफिसातून धावत घरी मी जाते. तो चेहरा मी ओळखला. मागची सबंध थंडी मी तो तोंडावर घेऊन वावरले होते. तेव्हा तो इतका उघड दिसत असेल असं मला वाटलं नव्हतं. म्हणजे वहिनीला तेव्हा सगळं कळत होतं. “ती आपलीच हाय” हे तिने कळूनच म्हटलं होतं.

आता म्हणायची पाळी माझी होती. वाक्य माहीत होतं. घोषणाच्या कानामागे हात घालायचा, तिचं तोंड वळवायचं आणि म्हणायचं, जा, ती बघ, ती आपलीच आहे.

मी म्हटलं. पण लगेच नाही. मडकं ओढलं गेलं, शेंगा गोणपाटावर ओतल्या गेल्या, वाफ उठली, बाबांनी मिठासाठी आरडाओरडा केला, आणि वहिनी हातात रिकामी थाळी धरून उभी राहिली. तेवढा वेळ मी घोषणाला घट्ट धरून ठेवलं.